जुन्या गाडीच्या काचांवरचे स्टिकर, फिल्म आणि गम: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

गाडी: सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१३ पासिंगची, बरीच वर्षं उघड्यावर उन्हात उभी राहिलेली. काम: काचांवर चिकटवलेलं सगळं जुनं काढायचं आणि ओरखडा न पाडता काच स्वच्छ करायची. सलग वेळ नव्हता, त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांत झालं. नोंदी त्याच क्रमाने आहेत.

१० एप्रिल: पाहणी

आज काहीच काढलं नाही. कुठल्या काचेवर, कुठल्या बाजूने, काय चिकटलंय एवढंच पाहिलं.

पुढच्या काचेवर आतून दोन फास्टॅग, सर्व्हिसिंगच्या तारखेचा कागदी स्टिकर, सोसायटी पार्किंगचा गोल स्टिकर आणि डाव्या कोपऱ्यात फिकट निळा नोंदणी स्टिकर. बाजूच्या चारही काचांना आतून काळी सनफिल्म, मागच्या दारांच्या फिल्मला फुगे आलेले. मागच्या काचेवर बाहेरून रेडियमची मोठी अक्षरं आणि स्वामी समर्थांचा स्टिकर, आतून पुन्हा सनफिल्म, आणि त्या फिल्मखाली डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं दंव घालवणाऱ्या, रेघा.

फिकट निळ्या स्टिकरला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून त्यावर कागदी टेप मारून ठेवली. तो हाय सिक्युरिटी नंबरप्लेटसोबतचा तिसरा स्टिकर आहे: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. काढायला गेलं की फाटतो आणि पुन्हा नवा मिळवण्याचा खटाटोप करावा लागतो. साफसफाईच्या भरात हाच पहिला खरवडला जातो, म्हणून टेप.

काच कोणती ते कोपऱ्यातल्या बारीक छापावरून कळतं. पुढची लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर. बाजूच्या आणि मागची टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून झटकन थंड केलेली. हा फरक कामात दोनदा आडवा येतो. लॅमिनेटेड काचेला खडी लागून टवका उडाला असेल तर तिथे उष्णता दिल्यावर तडा पुढे सरकू शकतो. या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला खाली तसा टवका आहे, त्याभोवती वीतभर जागेत ड्रायर चालवायचा नाही असं ठरलं. टफन्ड काचेच्या पृष्ठावर भट्टीतले अतिसूक्ष्म कण चिकटलेले असू शकतात. ब्लेडने एखादा कण सुटला तर तो ब्लेडखाली घासत जातो आणि लांब चरा पडतो. म्हणून टफन्ड काचेवर लोखंडी ब्लेड अगदी शेवटी, जमल्यास वापरायचंच नाही.

स्टिकर कागदी की व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा, ते कोपरा नखाने उचलून पाहिलं. पांढरे तंतू दिसले तर कागद. वाकला, ताणला गेला तर व्हिनाइल. टकटक तुकडे पडले तर तेही व्हिनाइलच, पण ऊन खाऊन त्यातला मऊपणा गेलेलं. मागच्या काचेवरचं रेडियम या तिसऱ्या प्रकारचं निघालं.

११ एप्रिल: सामान

ब्लेडचा होल्डर १२० रुपये, त्यात बसणारी एकधारी दहा ब्लेडं ८०, प्लॅस्टिकची ब्लेडं १५०. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, अर्धा लिटर १८०. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन अर्धा लिटर ९०. स्प्रेच्या दोन बाटल्या ८०, तीन मायक्रोफायबर कापडं १८०, पांढरं व्हिनेगर ४०. टॉवेलचे कटपीस एक किलो १००. एकूण १,०२० रुपये. हेअर ड्रायर आणि कपड्यांचा स्टीमर घरातलाच.

कटपीस घ्याच. सोलापुरात टेरी टॉवेलचे कारखाने असल्याने असे तुकडे किलोवर मिळतात आणि या कामाला दुसरं काही त्यांच्या तोडीचं नाही. टेरीच्या फासांमध्ये पाणी धरून राहतं, त्यामुळे उभ्या काचेवर चिकटवलेला ओला तुकडा बराच वेळ ओला राहतो. शेवटच्या पुसणीला मात्र टेरी नको, त्याचे धागे काचेवर राहतात.

दाढीचं दुधारी ब्लेड हातात धरून काम करू नये. ते वाकतं, वाकलं की कोपरा काचेत रुततो. पात्याचे तुकडे मोडत जायच्या कटरचंही तेच. भांड्यांची हिरवी घासणी आणि तारेची घासणी या कामातून बाद: हिरव्या घासणीत घासणारी पूड असते आणि काचेवर तिचे बारीक चरे उन्हात समोरून स्पष्ट दिसतात.

साबणाचं पाणी: एक लिटर पाण्याला चहाचा एक चमचा भांड्यांचं लिक्विड. जास्त घातलं तर फेसात काही दिसत नाही आणि धुवायला दुप्पट पाणी लागतं. ज्या भागात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हा हिशोब महत्त्वाचा आहे.

१२ एप्रिल, सकाळ: कागदी स्टिकर

सर्व्हिसिंगच्या स्टिकरवर साबणाचं पाणी मारून पाऊण तास ठेवलं. काहीही फरक नाही. कारण साधं आहे: छपाईवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, पाणी आत जातच नाही. वरचा थर आधी निघायला हवा. ड्रायरने अर्धा मिनिट कोमट करून नखाने कोपरा सोडवला, वरचा चकचकीत थर सबंध सोलला गेला आणि खाली पांढरा कागद उरला. आता ओल्या टेरीचा तुकडा लावला, त्यावर दुधाची रिकामी पिशवी कापून चिकटवली म्हणजे पाणी उडून जाणार नाही. वीस मिनिटांनी कागद लगदा होऊन बोटाने निघाला आणि त्याबरोबर अर्ध्याहून अधिक गमही गेला. या प्रकारचा गम पाण्याने फुगतो, त्याला कुठलंही तेल किंवा रसायन लागत नाही.

पार्किंगचा गोल स्टिकर छापील बाजू काचेकडे असलेला, म्हणजे गमही छपाईच्या बाजूलाच. मागचा कागद सोलून भिजवला, शाई आणि गम यांचा एकत्र थर उरला. तो लॅमिनेटेड काचेवर असल्याने ब्लेडने काढला. ब्लेड काचेशी साधारण तीस अंशांत, भरपूर साबणपाणी, फक्त पुढे ढकलायचं. मागे ओढताना ब्लेड उचलायचं. मागे ओढलं की धारेखाली अडकलेली धूळ काचेवर घासते, आणि सोलापुरातली एप्रिलमधली धूळ म्हणजे बारीक वाळूच. त्यामुळे ब्लेड लावण्याआधी तो भाग एकदा धुऊन घेणं इथे सक्तीचंच समजावं. धार कापसावरून फिरवून पाहावी, कापूस अडकला की धारेला खाच पडली आहे, ब्लेड बदलावं. आठ रुपयांच्या ब्लेडसाठी काच पणाला लावू नये.

वेळ: दोन स्टिकरांना पावणेदोन तास. त्यातला पाऊण तास पहिल्या निष्फळ भिजवणीत गेला.

१३ एप्रिल: फास्टॅग

काढण्याआधी टॅग देणाऱ्या बँकेकडे तो बंद करून घ्यायचा, मग काचेला हात. टॅगच्या आत ॲल्युमिनियमचा पातळ अँटेना असतो. टॅग सोलताना तो तुटावा अशीच रचना असते, त्यामुळे काढलेला टॅग दुसरीकडे चिकटवून चालत नाही. महामार्ग ६५ ने पुण्याला किंवा हैदराबादला, ५२ ने विजापूरला जाणं असेल तर नवा टॅग हातात आल्यावरच जुना काढावा.

वरचा थर तुकड्यातुकड्यांत निघतो, हे अपेक्षितच होतं. खाली अँटेनाची चंदेरी नक्षी आणि चिवट गम उरला. इथे पाण्याने काहीच होत नाही, हा गम ॲक्रिलिक जातीचा आहे. ड्रायर हातभर अंतरावरून एक मिनिट, काच हाताला सोसेल इतकीच गरम, मग प्लॅस्टिकचं ब्लेड. नक्षी गेली. गम वळकट्या होऊन निघू लागला. उरलेल्या पातळ थरावर आयपीएत भिजवलेला कापडाचा तुकडा दोन मिनिटं दाबून धरला आणि एकाच दिशेने पुसलं.

ड्रायर आणि आयपीए एका वेळी कधीच वापरायचं नाही. आयपीए पेट घेतं. ड्रायर बंद करून, प्लग काढून, काच कोमटपर्यंत येऊ देऊन मगच बाटली उघडायची. दारं चारही उघडी. बाटलीतून काचेवर थेट फवारायचं नाही, कापडावर घ्यायचं, कारण ओघळ डॅशबोर्डवर गेला तर तिथे पांढरट डाग पडू शकतो. डॅशबोर्डवर जाड टॉवेल अंथरलेला होता. आरशाच्या मागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असलेल्या गाड्यांत तर फवाऱ्याचा विचारच नको.

एका टॅगची कड काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर गेली होती. ठिपके भाजून बसवलेले असतात आणि काचेपासून किंचित वर आलेले असतात, त्यांच्या मधल्या फटींत गम अडकतो. ब्लेड तिथे ठिपक्यांवरून उड्या मारतं, गम तसाच राहतो. ती जागा सोडून दिली, पुढे टर्पेंटाइनने सुटली.

१४ एप्रिल, दुपार: ऊन वापरून पाहिलं

बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन, मग ड्रायर कशाला, म्हणून मागची काच सूर्याकडे करून गाडी दोन तास उभी केली आणि रेडियमचं पहिलं अक्षर ओढायला घेतलं. काच हात ठेवता येणार नाही इतकी तापली होती. अक्षर ओढल्यावर व्हिनाइल सुटलं, पण गम मधोमध फाटला: थोडा व्हिनाइलला, बाकीचा काचेवर, धाग्यासारखा लोंबत. त्यावर आयपीए लावलं तर ते काचेला टेकताच उडून गेलं. टर्पेंटाइनही मिनिटभरात सुकलं आणि गम पसरून हातभर जागा चिकट झाली. वर धूळ बसली. एका अक्षराच्या जागी तीन अक्षरांएवढं काम वाढलं. दुपार गेली.

सोलापुरात काम करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गम कोमट हवा, तापलेला नको. थंड असताना व्हिनाइल तुटतं, फार तापल्यावर गमच आतून फाटतो, आणि मधल्या टप्प्यात गम व्हिनाइलला धरून काचेवरून सुटतो. उन्हाळ्यात तो मधला टप्पा सकाळी साडेसात ते साडेनऊच्या सुमारास आपोआप मिळतो. ओढायचं काम तेव्हा. रसायनाने पुसायचं काम संध्याकाळी सावलीत, काच हाताला गार लागली की. भर दुपारी काहीच नाही. यापुढचं सगळं काम याच वेळापत्रकाने झालं आणि वेग सरळ दुप्पट झाला.

१९ एप्रिल, सकाळ: रेडियम आणि स्वामींचा स्टिकर

रेडियमची अक्षरं: अक्षराच्या एका टोकाला ड्रायर अर्धा मिनिट, प्लॅस्टिकच्या ब्लेडने टोक सोडवलं, मग पट्टी स्वतःवरच मागे दुमडून काचेलगत ओढत नेली. ओढणं सावकाश पण न थांबता. मध्ये थांबलं की त्या जागी गमाची आडवी रेघ राहते. डाव्या हातात ड्रायर, तो ओढण्याच्या जागेच्या दोन बोटं पुढे चालत राहिला पाहिजे. बारीक काना-मात्रा आणि वेलांट्या मात्र खवले होऊन निघाल्या, त्यांना इलाज नाही. त्यांचे तुकडे ओल्या टेरीखाली ठेवून, संध्याकाळी प्लॅस्टिकच्या ब्लेडने.

स्वामींचा स्टिकर वेगळ्या काळजीने काढला. देवाच्या चित्रावर ब्लेड चालवणं बहुतेकांना रुचत नाही, आणि तुकडे कचऱ्यात टाकणंही. असा स्टिकर अखंड निघावा यासाठी वेळ द्यावा. तो जाड होता, वर डोमसारखा पारदर्शक थर आणि खाली फोमची दुहेरी टेप. अशा जाड स्टिकरला तंगूस उत्तम, मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी. हातभर तुकडा, दोन्ही टोकं काडीला गुंडाळून, स्टिकरमागे वरच्या कडेला घातला आणि करवतीसारखा आडवा चालवत खाली आणला. आधी दोन मिनिटं ड्रायर. फोम मधून कापला गेला, चित्र सबंध हातात आलं. कागदात गुंडाळून मालकाला दिलं, विसर्जन करायचं की देवघरात ठेवायचं ते त्यांचं. काचेवर उरलेला फोम अंगठ्याने घासला तर गोळ्या होऊन निघतो, घाईने रसायन लावलं तर त्याचा लगदा होतो. आधी कोरडंच चोळा.

पातळ व्हिनाइलला तंगूस चालत नाही, मागे जायला फटच नसते.

१९ एप्रिल, संध्याकाळ: गम कशाने निघतो

मागच्या काचेवर बाहेरून आता फक्त गम होता, तोही जवळपास सारख्या वयाचा. त्यामुळे वेगवेगळ्या पदार्थांची तुलना एकाच काचेवर करता आली. प्रत्येकाचा भिजवलेला कापडाचा तुकडा, वर दुधाची पिशवी.

खोबरेल तेल: अर्ध्या तासाने गम मऊ झाला, पण सुटला नाही. कागदी स्टिकरच्या गमाला ते चालतं. रेडियमच्या गमावर वेळ वाया जातो, शिवाय तेलकटपणा घालवायला साबणाने दोनदा धुवावं लागलं.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे): खोबरेलपेक्षा बरं, दहा मिनिटांत गम सरकायला लागला. तेलाचा थर मागे राहतो.

टर्पेंटाइन: पाच-सात मिनिटांत गमाची साय झाली आणि कापडावर आली. जुन्या, पिवळ्या पडलेल्या गमावर याच्याइतकं परिणामकारक दुसरं काही ठरलं नाही. काळ्या ठिपक्यांतला गमही यानेच सुटला, तिथे जुना मऊ टूथब्रश वापरला. वास रेंगाळतो, म्हणून गाडीच्या आत अगदी थोडं.

आयपीए: जाड गमावर नुसतं फिरतं. पातळ, शेवटच्या थराला मात्र हेच, कारण मागे काही ठेवत नाही.

निलगिरीचं तेल: टर्पेंटाइनच्या जवळपास काम, वास सुसह्य. छोट्या बाटलीच्या किमतीत टर्पेंटाइनची मोठी बाटली येते, म्हणून एखाद-दुसऱ्या स्टिकरपुरतंच परवडतं.

एनसी थिनर (रंग पातळ करायचं): गम झटक्यात गेला, पण काचेच्या बीडिंगवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, पडलेल्या थेंबाने रबराचा काळा रंग कापडावर आला. चाचणीसाठी टाकून दिलेल्या बीडिंगच्या तुकड्यावर पाहिलं होतं, गाडीवर वापरलं नाही. ॲसिटोनचंही तसंच: काचेला काही होत नाही, पण आजूबाजूचं प्लॅस्टिक, रंग, हेडलाइटचं कव्हर यांना लागलं की कायमचा डाग.

पेट्रोल वापरूच नका. गम निघतो हे खरं, पण बंद गाडीत त्याची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.

शेवटी ठरलेला क्रम असा: टर्पेंटाइन, मग साबणपाणी, मग आयपीए. मधली पायरी गाळली तर आयपीए टर्पेंटाइनचा तेलकट थर नुसता इकडून तिकडे नेतं. कापड प्रत्येक पुसणीला उलटायचं, चारदा वापरलं की बाजूला. गमाने भरलेलं कापड पुन्हा फिरवणं म्हणजे गम पुन्हा लावणं. टर्पेंटाइनचे बोळे गोळा करून डब्यात ठेवू नयेत, मोकळ्यावर पसरून वाळवावेत.

२० एप्रिल: बाजूच्या काचांची फिल्म

केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१२ चा. या गाडीवरची फिल्म त्या मोजमापात बसण्यासारखी नव्हतीच, शिवाय फुगे आलेल्या फिल्ममधून रात्री आरशात काही दिसत नाही.

काच दोन बोटं खाली घेतली की वरच्या कडेला फिल्मची धार दिसते. तिथे स्टीमर चार बोटं अंतरावरून धरला, कोपरा नखाने सोडवला, आणि वाफ देत देत फिल्म वरून खाली ओढली. पुढच्या दारांची फिल्म प्रत्येकी एका तुकड्यात निघाली. मागच्या दारांच्या, फुगे आलेल्या फिल्मने त्रास दिला. जुन्या फिल्मचे दोन थर वेगळे झालेले असतात: वरचा पारदर्शक थर सोलून निघतो आणि रंगाचा थर गमासकट काचेवरच राहतो. अशा वेळी वाफ पुरत नाही. साबणपाणी फवारून काळी कचऱ्याची पिशवी आतून चिकटवली, सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवली. एका दारावर दीड तास राहिली, तिची कड सुटून पाणी वाळलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं. पिशवीची कड टेपने बंद करायची आणि दर वीस मिनिटांनी कडेतून आत फवारायचं.

काच पूर्ण वर करून खालच्या बीडिंगमध्ये दुमडलेल्या टॉवेलची पट्टी कोंबून ठेवा. गमाचे गोळे बीडिंगमधल्या मखमली पट्टीत गेले की काच वर-खाली होताना तेच घासत राहतात. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं.

२६ एप्रिल, पहाट ते संध्याकाळ: मागच्या काचेची फिल्म

सगळ्यात जोखमीचं काम. डिफॉगरच्या रेघा काचेच्या आतल्या पृष्ठावर छापलेल्या असतात आणि फिल्म थेट त्यांवर चिकटलेली. लोखंडी ब्लेड लागलं की रेघ कापली जाते, आणि एका जागी कापलेली रेघ पूर्ण लांबीभर बंद पडते. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही अशीच छापलेली असते.

म्हणून आधी रेघा चालू आहेत का ते पाहिलं. सोलापुरात एप्रिलमध्ये काचेवर दंव येत नाही, मग परीक्षा अशी: पहाटे गारव्यात बाहेरून काचेवर ओलं फडकं फिरवून पाण्याचा पातळ थर दिला, इंजिन चालू करून डिफॉगर लावला. चालू रेघांवरचं पाणी आधी सुकतं, काचेवर कोरडे पट्टे दिसतात. खालून दुसऱ्या रेघेचा पट्टा दिसला नाही, म्हणजे ती आधीपासून तुटलेली. हे लिहून ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर नंतर आपल्याच हाताने तुटली अशी शंका राहते.

मागचा ट्रे काढला, सीटवर प्लॅस्टिक आणि त्यावर टॉवेल. स्पीकर झाकले. डिफॉगर दहा मिनिटं चालू ठेवला, त्याने गम रेघांच्या जागीच आतून कोमट होतो. मग बंद करून बाहेरून ड्रायर, आतून वाफ. फिल्म उभ्या पट्ट्यांत कापून सोलायची नाही, कापायला पातं लागतं आणि पातं रेघेवरून जाणारच. डाव्या कडेपासून सुरुवात करून रेघांच्या दिशेने, आडवी, काचेलगत ओढायची. रेघांना काटकोनात ओढलं तर गम रेघ उचलण्याची शक्यता वाढते.

पहिल्या अर्ध्या भागात ठीक चाललं. मधल्या भागात फिल्म फाटली आणि पुन्हा थर वेगळे झाले. तिथे साबणपाणी आणि काळी पिशवी, बाहेरून कोवळं ऊन, चाळीस मिनिटं, मग बोटाने कड पकडून. बोटाला हातमोजे नकोत, पकड जाते. रसायनांच्या वेळी मात्र हातमोजे हवेत.

अमोनिया घालून हे काम झटपट होतं असं सांगतात. बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते. वापरलं नाही, गरजही पडली नाही.

गम उरलाच. इथे प्लॅस्टिकचं ब्लेडसुद्धा नाही. टर्पेंटाइन लावलेलं मायक्रोफायबर, रेघांच्या दिशेने, बिनदाबाचं, पाच-सहा फेऱ्या. मग साबण, मग आयपीए. संध्याकाळपर्यंत अर्धीच काच झाली.

२७ एप्रिल, संध्याकाळ

उरलेली अर्धी काच. डिफॉगरची पुन्हा परीक्षा: खालून दुसरी सोडून सगळे पट्टे दिसले. तुटलेल्या रेघेवर मल्टिमीटर फिरवला. डिफॉगर चालू असताना मीटरचं काळं टोक बॉडीला, लाल टोक रेघेवर सरकवत नेलं. जिथे आकडा बाराच्या आसपासवरून एकदम शून्याजवळ पडला तिथेच तुटकं ठिकाण. डोळ्यांना केसाएवढी फट दिसली. दोन्ही बाजूंना टेप लावून वीज वाहून नेणाऱ्या, चांदी मिसळलेल्या रंगाचा एक टिपका दिला. रात्रभर सुकू दिलं.

३ मे: राहिलेल्या सावल्या

गम पूर्ण गेला तरी मागच्या काचेवर बाहेरून रेडियमची अक्षरं वाचता येत होती. हा गम नव्हता. अक्षरांखालची काच इतकी वर्षं झाकलेली होती आणि आजूबाजूच्या काचेवर बोअरच्या पाण्याचे क्षार बसले होते, म्हणून उलटी सावली. गम समजून इथे टर्पेंटाइन घासत बसलं तर काहीच होत नाही. ओळखायचं कसं: बोट फिरवलं तर अक्षराची जागा गुळगुळीत, बाकीची किंचित खरखरीत.

व्हिनेगर आणि पाणी समसमान, टेरीचा तुकडा भिजवून दहा मिनिटं, वर पिशवी. धुतलं. सावली बरीच फिकी झाली. दुसऱ्या फेरीत दोन अक्षरं सोडून सगळी गेली. त्या दोघांना सिरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायची) पूड पाण्यात कालवून फेल्टच्या तुकड्याने घासावं लागेल, पूड अजून मिळालेली नाही. व्हिनेगर रंगावर आणि क्रोमवर ओघळू देऊ नये, पत्र्यावर आधी साधं पाणी ओतून ठेवावं. शेवटची धुणी आरओच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने, दोन तांबे पुरतात. बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात सोडलं तर तेच डाग नव्याने पडतात.

पुढच्या काचेची परीक्षा: आतून जवळ तोंड नेऊन वाफ सोडली. जिथे तेलकट थर राहिला तिथे वाफेचा डाग वेगळा उमटतो. फास्टॅगच्या जागेभोवती तसा पट्टा दिसला, आयपीएने पुन्हा पुसला. बाहेरून पाणी मारून वायपर चालवले. थरथरले, म्हणजे बाहेरूनही कापडातून थर गेला होता. काच साबणाने धुतली, वायपरच्या रबराच्या कडा ओल्या कापडाने पुसल्या (रसायनाने नाही, रबर कडक होतं). थरथर गेली.

४ मे, सकाळ: नवा फास्टॅग

आरशामागे, आतून, काळ्या ठिपक्यांपासून दूर. जागा आयपीएने पुसून पाच मिनिटं सुकू दिली, काच गार असताना टॅग मध्यापासून कडांकडे दाबत लावला. एकदा टेकवला की हलवायचा नाही, अँटेना तुटतो. काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत टाकला जातो, त्यामुळे कडा उचललेला टॅग तसाच वापरत राहू नये. दिवसभर गाडी सावलीत ठेवली. निळ्या स्टिकरवरची कागदी टेप काढली, तो जसाच्या तसा आहे.

बाकी: सिरियम ऑक्साइड मिळाल्यावर मागची दोन अक्षरं, आणि डिफॉगरच्या दुरुस्त रेघेची पहाटेची परीक्षा.